फुटसालच्या मॅचआधी कॅफीन: किती, कधी आणि कुणी घेऊच नये

रात्री साडेनऊचा स्लॉट. पाच जण आलेत, सहावा पार्किंग शोधतोय आणि बेंचवर एक जण प्री-वर्कआउटच्या (व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरीच्या) डब्यातून स्कूप भरून बाटलीत घुसळतोय. "घे रे थोडं, पळायला मजा येईल," म्हणत तो बाटली नव्या पोराकडे सरकवतो. पोरगं घेतं. त्या बाटलीत नेमकं किती कॅफीन आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं आणि पिणाऱ्यालाही.

हा लेख त्या नव्या पोरासाठी आहे, किंवा पोरीसाठी. मी डॉक्टर नाही. गेली बरीच वर्षं रात्रीच्या लीग खेळत आलेला, आता चाळिशी ओलांडलेला आणि पळण्यापेक्षा उभं कुठे राहायचं याच्या जोरावर टिकून असलेला पिव्हट, म्हणजे समोरच्या गोलजवळ खेळणारा आक्रमक, आहे. कॅफीनच्या बाबतीत करता येण्याजोग्या बहुतेक चुका मी करून झालो आहे. शास्त्र काय म्हणतं ते वाचलं नंतर. तुम्ही उलट क्रमाने करा.

आधी हा खेळ काय मागतो ते बघा

टर्फवरचा फाइव्ह-अ-साइड आणि फुटसाल हे एकच नव्हे, जरी आपण दोन्हीला तेच नाव देतो. फुटसाल १९३० साली उरुग्वेच्या मोंतेव्हिदेओमध्ये हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने वायएमसीएच्या हॉलसाठी बसवला. साधारण ४० बाय २० मीटरचं टणक कोर्ट, ४ नंबरचा कमी उसळणारा बॉल, २०-२० मिनिटांचे दोन हाफ आणि बॉल बाहेर गेला की थांबणारं घड्याळ. सब, म्हणजे बदली खेळाडू, कितीही आणि केव्हाही. बाजूने बाहेर गेलेला बॉल पायाने आत टाकायला (किक-इन) ४ सेकंद, तेवढ्यात बॉल सुटला नाही तर समोरच्याला जातो.

या सगळ्याचा अर्थ असा की कोर्टवर असताना उसंत मिळत नाही. चांगल्या पातळीच्या सामन्यांत खेळाडूंचं हृदय बहुतेक वेळ कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांच्या वर धावत असतं. तीन-चार मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर येऊन धापा टाकायच्या, परत आत. आणि हे करताना डोकं थंड हवं, कारण २० मीटर रुंदीत एक पास चुकला की थेट आपल्या गोलवर.

कॅफीन इथे उपयोगी पडतं ते दोन प्रकारे. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की सुस्ती येते. कॅफीनची ठेवण ॲडेनोसिनसारखीच. ते आधी जाऊन त्या जागा अडवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. परिणाम: तेवढंच पळूनही दमल्याची जाणीव कमी होते आणि लक्ष जागेवर राहतं. दमाच्या खेळांत याने साधारण २ ते ४ टक्के सुधारणा दिसते. लागोपाठच्या स्प्रिंट आणि उडीमध्ये फरक त्याहून बेभरवशाचा. काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. पासची अचूकता वाढेलच याची तर कुणीच हमी देऊ नये.

ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या तज्ज्ञांच्या निवेदनात कामगिरीसाठी खरोखर पुरावा असलेली जी मोजकी सप्लिमेंट आहेत त्यात कॅफीन आहे. म्हणजे गोष्ट खरी आहे, पण छोटी आहे. ज्याला दहाव्या मिनिटाला पोटात कळ येते, त्याला कॅफीनने दम मिळणार नाही. त्याला आठवड्यातून तीनदा पळायला हवं.

पायरी १: आपण घेऊ नये अशांत मोडतो का?

हा भाग लोक वगळतात. वगळू नका.

हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल, रक्तदाब जास्त असेल, पॅनिक अटॅक येत असतील, झोपेचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर असाल तर सामन्यासाठी मुद्दाम कॅफीन हा विषयच बंद. १८ वर्षांखालच्यांसाठी माझं उत्तर सरळ "नको" असं आहे. वीस-वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या घेऊन शाळेतली मुलं टर्फवर येतात आणि पालक कौतुकाने बघत बसतात, हे मला पटत नाही. त्या बाटलीवरच लिहिलेलं असतं की हे लहान मुलांसाठी नाही. जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा महाराष्ट्राच्या विधान परिषदेत झाली होती, ती उगाच नाही.

मग औषधं. कॅफीन यकृतातल्या सीवायपी१ए२ नावाच्या एन्झाइमकडून फोडलं जातं. पोट बिघडल्यावर आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक गोळी त्याच एन्झाइमला अडवते. गोळ्यांचा कोर्स चालू असताना नेहमीची कॉफीसुद्धा दुप्पट चढल्यासारखी वाटू शकते. दम्यासाठी थिओफिलीन चालू असेल तर जास्त सांभाळा. ते कॅफीनचंच भावंड आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या शरीरात कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं. सिगारेट ओढणाऱ्यांचं उलट, त्यांच्यात ते लवकर उतरतं. पण सिगारेट सोडली की तीच कॉफी जड जायला लागते. आमच्या गोलकीपरने सिगारेट सोडली त्या महिन्यात त्याचे हात थरथरायचे. आम्ही ते सिगारेटच्या तलफेवर ढकललं. कॉफीचे चार मग त्याने तसेच चालू ठेवले होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पायरी २: वजनावरून हिशेब

कॅफीनचा डोस कपात मोजायचा नाही, मिलीग्रॅममध्ये मोजायचा, आणि तोही शरीराच्या वजनाप्रमाणे. क्रीडा-पोषणातली रूढ शिफारस आहे दर किलोला ३ ते ६ मिलीग्रॅम. काहींना २ मिलीग्रॅमनेही फरक पडतो. ९ मिलीग्रॅमला फायदा वाढत नाही, त्रास मात्र नक्की वाढतो.

नवख्याने सुरुवात करावी दर किलोला २ मिलीग्रॅमपासून, आणि माझ्या मते हौशी खेळाडूने ३ च्या वर जाण्याचं कारणच नाही. ६० किलोला २ च्या हिशेबाने १२०, ३ च्या हिशेबाने १८०. ७० किलोला १४० ते २१०. ८० किलोला १६० ते २४०. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि अख्ख्या दिवसात ४०० मिलीग्रॅमपर्यंत चिंता नाही असं म्हटलं आहे. ८० किलोचा गडी ६ मिलीग्रॅमने गेला तर एकाच घोटात ४८० होतात. शिफारशीतला वरचा आकडा देखरेखीतल्या चाचण्यांतून आला आहे. तो आपला नाही.

दिवसभराचा चहा यात धरायचाच. सकाळचा मोठा कप, ऑफिसातले दोन, संध्याकाळचा एक, असं करत १२०-१५० मिलीग्रॅम कधी पोटात गेले ते कळत नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. स्ट्रिपच्या मागे बघा.

पायरी ३: कशातून घ्यायचं

मी इन्स्टंट कॉफीवाला आहे. कारण स्वस्त, घरात असते आणि मोजता येते. पण मोजता येते म्हणजे मोजावी लागते.

डबा उलटा करा. बारीक अक्षरात कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. काही शुद्ध कॉफी असते, काहींत ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी, काहींत जवळपास निम्मी निम्मी. चिकोरी ही भाजलेली मुळं. कडवटपणा देते, रंग देते, कॅफीन शून्य. मी दोन वर्षं "मला कॉफीचा काहीच परिणाम होत नाही" असं सगळ्यांना सांगत फिरायचो. एकदा डबा वाचला तर निम्मी चिकोरी. परिणाम होणार कुठून!

शुद्ध इन्स्टंट कॉफीच्या २ ग्रॅममध्ये ढोबळमानाने ६० मिलीग्रॅम कॅफीन धरा. ३० टक्के चिकोरीवालीत तेवढ्याच पावडरीत ४० च्या आसपास. बियांच्या जातीप्रमाणे हे खालीवर होतं, रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. म्हणून हा आकडा सोनाराच्या काट्यासारखा समजू नका, भाजीवाल्याच्या तराजूसारखा समजा.

राहिला चमचा. आईचा चहाचा चमचा सपाट भरला तर एक वजन, डोंगर काढला तर थेट दुप्पट. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर तो घ्या, नसेल तर छोट्या पुड्या घ्या. पुडीवर निव्वळ वजन छापलेलं असतं, दीड ग्रॅम म्हणजे दीड ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला १४० मिलीग्रॅमसाठी शुद्ध कॉफीच्या तीन पुड्या लागतील. अर्ध्या कप गरम पाण्यात विरघळवा, थोडं गार पाणी घाला आणि पिऊन टाका. चव भयंकर असते. दूध फार घालू नका, मोठा ग्लासभर दूध पोटात घेऊन गिरकी मारून बघा एकदा म्हणजे कळेल.

एस्प्रेसोचा एक शॉट साधारण ६० मिलीग्रॅम. कटिंग चहाचं काही सांगता येत नाही, वीसच्या आसपास धरा. मॅचसाठी कामाचा नाही, मनासाठी आहे.

एनर्जी ड्रिंकचा हिशेब सोपा, कारण इथे कायदा आहे. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे कॅफीनयुक्त पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफीन असावं लागतं. म्हणजे २५० मिलीलिटरच्या डब्यात फार तर ७५. वाटतं तेवढं हे जालीम नसतं. नेहमीच्या डब्यात त्याच्याबरोबर २५ ग्रॅमच्या वर साखर आणि गॅस येतो, आणि गॅसने भरलेलं पोट घेऊन पहिल्या पाच मिनिटांत ढेकर देत पळावं लागतं. दोन डबे म्हणजे दिवसाची मर्यादा. ५०० मिलीलिटरच्या वर जाऊ नका हे डब्यावरच लिहिलेलं असतं.

गोळ्या मिळतात, बहुधा १०० किंवा २०० मिलीग्रॅमच्या. मोजायला सर्वांत सोप्या. त्याच कारणाने अति व्हायलाही सोप्या, कारण कडू लागत नाही, पोट भरत नाही. २०० ची गोळी असेल तर अर्धी करा. कॅफीनचं च्युइंगम तोंडाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात जातं, पण आपल्याकडे सहजी मिळत नाही, सोडून द्या.

आणि शुद्ध कॅफीनची पावडर, जी ऑनलाइन किलोच्या भावात दिसते, तिला हात लावू नका. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) हिशेबाने त्या पावडरचा एक चहाचा चमचा म्हणजे सुमारे २८ कप कॉफी. असल्या पावडरने माणसं मेली आहेत. घरच्या चमच्याने मोजायची ती वस्तूच नव्हे.

पायरी ४: वेळ

कॉफी किंवा गोळी पोटात गेल्यावर रक्तातली पातळी साधारण तासाभरात शिखरावर येते. म्हणून किक-ऑफच्या आधी ४५ ते ६० मिनिटं. आठची मॅच, तर सात वाजता, घरून निघताना. बेंचवर शूजच्या लेस बांधताना घेतलेली कॉफी दुसऱ्या हाफमध्ये जागी होते.

अगदी रिकाम्या पोटी नको. दोन तास आधी पोहे, केळं, ब्रेड-जॅम असं काहीतरी साधं झालेलं असावं. माझी पहिली चूक हीच: ऑफिसातून थेट हॉलवर, दुपारी एकनंतर पोटात काही नाही, आणि त्यावर काळी कॉफी. वॉर्म-अपमध्येच छातीत जळजळ सुरू झाली आणि पहिल्या हाफच्या मध्यावर मी कोर्टऐवजी स्वच्छतागृहात होतो. कॅफीन आतड्यांनाही पळवतं, हे कुणी सांगत नाही. हॉलमध्ये स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवा. विनोद म्हणून सांगत नाहीये.

पाणी नेहमीइतकंच प्या. या डोसला कॅफीनने अंग सुकतं हा गैरसमज आहे. मे महिन्यातल्या किंवा ऑक्टोबर हीटमधल्या पत्र्याच्या छताखालच्या हॉलची गोष्ट वेगळी: तिथे दमल्याची जाणीवच कमी झाली की माणूस अंगातल्या उष्णतेकडे दुर्लक्ष करून पळत राहतो. अशा दिवशी डोस अर्धा करा किंवा नकोच, आणि सब लवकर मागा.

पायरी ५: सरावात करून बघा, फायनलला नव्हे

नवीन शूज कुणी फायनलला पहिल्यांदा घालत नाही. इथेही तेच.

तीन-चार आठवडे द्या. सरावाच्या दिवशी कोर्टच्या रुंदीचा उपयोग करा: एका साइडलाइनपासून दुसरीपर्यंत २० मीटर, वळून परत २० मीटर. असे सहा फेरे, प्रत्येकानंतर २० सेकंद विश्रांती. मित्राने मोबाइलवर प्रत्येक फेऱ्याची वेळ टिपायची. पहिल्या फेऱ्यापेक्षा शेवटचा किती मंदावतो, ते महत्त्वाचं. फुटसालमध्ये सर्वांत वेगवान स्प्रिंटपेक्षा सहावी स्प्रिंट सामना जिंकून देते. हाताने टिपलेल्या वेळेत दशांश-दोन दशांश सेकंदाची चूक सहज होते, म्हणून तेवढ्या फरकावर उड्या मारू नका.

आता गंमत. कॅफीनचा काही भाग निव्वळ मनाचा असतो. "आज मी घेतलंय" एवढ्या कल्पनेनेही माणूस जोर लावतो. म्हणून घरातल्या कुणाला तरी सामील करा. एका बरणीत नेहमीची कॉफी, दुसरीत डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढून टाकलेली कॉफी. दोन्हीवर चिठ्ठी आतल्या बाजूला. कोणत्या दिवशी कोणती द्यायची ते त्यांनी ठरवायचं, तुम्ही प्यायची, पळायचं आणि वहीत लिहायचं. माझ्याकडे हे काम बायकोने केलं. सहा सरावांनंतर बरण्या उघडल्या, तर ज्या दिवशी मी "आज जबरदस्त लागली" असं लिहिलं होतं त्यातले दोन दिवस डिकॅफचे निघाले. ती अजून हसते.

वहीत वेळेशिवाय आणखी तीन गोष्टी लिहा: चुकलेले पास किती (बेंचवरच्याला मोजायला सांगा), पोट आणि छातीचं काय झालं, आणि रात्री झोप कधी लागली. कॅफीन घेतलेल्या दिवशी पाय जलद आणि पास वाकडे, असं दिसलं तर डोस जास्त झाला आहे. उतावळेपणा या खेळात महाग पडतो. एका हाफमध्ये संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंतीशिवाय १० मीटरवरून फटका मिळतो. प्री-वर्कआउटचे दोन स्कूप मारून आलेल्या आमच्या एका फिक्सोने (मागे बचावात खेळणाऱ्याने) एकट्याने तीन फाउल केले होते, तेही पहिल्या आठ मिनिटांत. तो पळत सुंदर होता, फक्त प्रत्येक बॉलवर एक पाऊल आधी पोचून समोरच्याच्या नडगीवर.

रोज चहा पिणाऱ्याने मॅचआधी आठवडाभर चहा सोडावा म्हणजे कॅफीन जास्त लागू पडतं, असं सांगणारे भेटतील. त्या भानगडीत पडू नका. सोडल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरायला लागतं आणि पुढचे काही दिवस चिडचिड. मॅचच्या आठवड्यात ते कुणाला हवंय?

पायरी ६: रात्रीचा स्लॉट

कॅफीनवरचे बहुतेक सल्ले अशा खेळाडूंसाठी लिहिलेले असतात ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठून लोकल पकडायची नसते. आपल्याला टर्फ किंवा हॉल परवडतो तो रात्री, ऑफिस सुटल्यावर, ९ ते १० किंवा १० ते ११. सगळा हिशेब इथे फिरतो.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात. माणसामाणसांत हे दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतं. सरासरी धरली तरी रात्री ९ ला घेतलेले २०० मिलीग्रॅम पहाटे २ वाजता १०० असतात. म्हणजे दीड कप कडक कॉफी पिऊन अंथरुणावर पडण्यासारखं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या तब्बल ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलीग्रॅमनेही एक तासाहून जास्त झोप कापली होती. यात वाईट हे की माणसाला स्वतःला ते जाणवतंच असं नाही. "मला कॉफी पिऊनही झोप येते" म्हणणारे खूप. झोप येते, पण खोल लागत नाही. आणि तो एसटीतला रुमाल उचलला की मागे उभं राहिलेलं सगळं ॲडेनोसिन एकदम बसून घेतं, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये.

मग सकाळी जागं राहायला जास्त चहा, संध्याकाळी सुस्ती, म्हणून मॅचआधी जास्त कॉफी. मंगळवार-गुरुवार-शनिवार असे तीन स्लॉट खेळणाऱ्या पोरांना मी या चक्रात महिन्यामहिन्याने दमत जाताना पाहिलं आहे. ते म्हणतात स्टॅमिना गेला. त्यांची झोप गेलेली असते.

माझा नियम, तुम्हाला जमला तर घ्या: आठनंतर सुरू होणाऱ्या साध्या लीग मॅचला कॅफीन नाही. त्याऐवजी ऑफिसातून आल्यावर वीस मिनिटांची डुलकी, हलकं खाणं आणि व्यवस्थित १५ मिनिटांचा वॉर्म-अप. सेमीफायनल-फायनल असेल आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तर दर किलोला २ मिलीग्रॅम, त्याहून थेंबभरही जास्त नाही. रविवार सकाळच्या सामन्यांना ३ पर्यंत जायला हरकत नाही. कॅफीनचा खरा मुहूर्त तोच.

पायरी ७: दिवसभराची टूर्नामेंट

एका दिवसात चार-पाच छोट्या मॅच, १०-१० मिनिटांच्या. इथे लोक प्रत्येक मॅचआधी एक डबा उघडतात. पुन्हा निम्म्याचा हिशेब करा. सकाळी ९ ला २०० घेतले तर दुपारी २ ला १०० अजून आहेतच. नॉकआउटआधी हवं वाटलं तर १०० घ्या, परत २०० होतात. झालं, दिवसाचं खातं बंद. मधल्या वेळात मीठ-साखर-लिंबाचं पाणी, केळी, आणि सावलीत पाय वर करून पडणं. हरलात तर उरलेला डबा परत न्या, रात्री डोळे टक्क उघडे ठेवून हार आठवत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ८: प्री-वर्कआउटचा डबा आणि डोपिंग

कॅफीनवर १९८४ पासून ऑलिम्पिक खेळांत लघवीतल्या प्रमाणाची मर्यादा होती. १ जानेवारी २००४ पासून ते बंदीच्या यादीतून काढलं. आज वाडा ही जागतिक डोपिंगविरोधी संस्था त्यावर फक्त नजर ठेवते. तेव्हा कॉफी पिऊन कुणी डोपिंगमध्ये अडकत नाही.

अडकतात ते डब्यातल्या बाकीच्या गोष्टींत. बाजारात एका स्कूपमध्ये १५० ते ३०० मिलीग्रॅम कॅफीन असलेली उत्पादनं सर्रास आहेत, त्यावर "खास मिश्रण" म्हणून इतर उत्तेजकं, ज्यांचं वेगवेगळं प्रमाण लिहिलेलंच नसतं. मिथाइलहेक्झानामीन हे त्यातलं कुप्रसिद्ध. लेबलवर ते कधी जिरेनियमचा अर्क म्हणूनही येतं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर अनेक भारतीय खेळाडू याच पदार्थात सापडले होते. नकळत घेतलं ही सबब इथे तुम्हाला निर्दोष ठरवत नाही. शरीरात काय गेलं त्याला जबाबदार खेळाडू. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळण्याचा विचार असेल (एआयएफएफची, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाची, फुटसाल क्लब चॅम्पियनशिप २०२१ पासून सुरू आहे, वाट आता आहे) तर न मोजता येणारा डबा घरातच नको. सर्दीच्या गोळीबाबतही तेच. स्यूडोएफेड्रिन असलेली गोळी आणि कॅफीन एकत्र घेतलं की हृदयावर दुहेरी भार, शिवाय स्पर्धेच्या काळात चाचणीत प्रश्न.

काही बिघडलं तर

हात थरथरणं, पोटात ढवळणं, उगाच घाबरल्यासारखं वाटणं: बाहेर बसा, पाणी प्या, त्या दिवशी परत आत जाऊ नका. छातीत दुखणं, ठोके वेडेवाकडे पडणं, थांबत नसलेल्या उलट्या, बोलण्यात गोंधळ किंवा चक्कर येऊन पडणं: मॅच थांबवा, १०८ ला फोन करा, आणि काय व किती घेतलं ते डब्यासकट डॉक्टरांना दाखवा. लाजून लपवू नका. कॅप्टनने ही दोन वाक्यं संघाच्या ग्रुपवर टाकून ठेवावीत.

आणि मॅच संपल्यावरचं. साडेदहा वाजता सगळे घामाने निथळत बाहेर येतात आणि पाय आपोआप टपरीकडे वळतात. "सहा कटिंग," कुणीतरी ओरडतं. मीही जातो, गप्पा तिथेच रंगतात, कुणाचा गोल ऑफसाइड होता यावर भांडण होतं, जरी फुटसालमध्ये ऑफसाइडच नसतो. चहावाल्याला आता माहीत झालंय. तो पाच ग्लास भरतो आणि माझ्यासमोर न विचारता लिंबू सरबत ठेवतो.